टोपऱ्याची प्रिंट

मुलीच्या बाळंतपणासाठी मी जी यादी केली होती, तिच्यात नारळ दोनदा होता. एक पाचवीच्या पूजेचा आणि एक डोक्याचा.

डोक्याचा नारळ म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याचे नवे कपडे शिवत नाहीत आणि विकतही आणत नाहीत. सुरुवातीचे दिवस जुन्या मऊ साडीच्या तुकड्यांवर काढायचे. नवं कापड अंगाला लागायचं ते बारशाला, आणि त्या दिवशी पाळण्यात घालताना बाळाच्या डोक्यावर आजोळचं टोपरं असतं. माझ्या मुलीचं टोपरं माझ्या आईने शिवलं होतं. पुढे ते नात्यातल्या बाळांच्या डोक्यांवरून फिरत कुठल्या कुठे गेलं, पण त्याचं कौतुक घरात राहिलं. सातव्या महिन्यात माहेरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, माझं आजीने शिवलं होतं ना? मग ह्याचं तू शिव. विकतचं नको."

मी हो म्हणून बसले. शिवण मला येत होतं ते सरळ रेषेतलं. उशीचे अभ्रे, पडद्यांच्या कडा, फार तर पिशव्या. गोल वळणाचं मी कधी काही शिवलं नव्हतं. विचारायला आई राहिली नव्हती. दिघाशीच्या माझ्या विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, शिवणात तरबेज. त्यांच्या झबल्यांना गावातून मागणी असायची. पण त्यांनाच विचारून शिवलं तर ते आजोळचं टोपरं कसलं? शिवाय माझं शिवण उशीच्या अभ्र्यापर्यंतच पोचतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तसं त्या हसत हसत बोलूनही दाखवायच्या.

तेव्हा मी कामाला लागले, ते कामाच्या जागीच.

मी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या ऑफिसात होते. भिवंडीहून कापडाचे तागे भरून गाड्या निघायच्या, आणि कुठली गाडी कुठे पोचली ते एका वेबसाइटवर तक्त्यात दिसायचं. त्या तक्त्याची प्रिंट रोज सकाळी मालकांच्या टेबलावर ठेवणं हे माझं काम. त्या प्रिंटला एक खोड होती. उजवी कड कापली जायची. तक्त्याचा शेवटचा रकाना पोहोचेचा, तो पडद्यावर दिसायचा, कागदावर येतच नसे. म्हणजे गाडी निघाली ते कागद सांगायचा, पोचली की नाही ते सांगायचा नाही. तो रकाना मी फूटपट्टीने आखून हाताने लिहून काढायचे. इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याच कॉम्प्युटरवर मला टोपऱ्याचा नमुना सापडला. परदेशातल्या कुणा बाईने बाळाच्या कपड्यांचे नमुने खऱ्या मापात काढून ठेवले होते. छापायचा, कापायचा, कापडावर ठेवून खडूने आखायचा. माझ्यासारखीला याहून सोपं काय हवं? मी छापला. उजवी कड गेली. टोपऱ्याचा डावा कान पूर्ण आला आणि उजवा कान कागदाबाहेर राहिला.

ऑफिसात हिशेब बघणाऱ्या गृहस्थांना सगळे मुनीमजी म्हणत. मूळचे उत्तरेकडचे, पण भिवंडीत हयात गेलेली. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला.

"ताई, बच्चे का एकही कान है क्या?"

"दोन आहेत, मुनीमजी. दुसरा आणते मी."

मी उजव्या कडेला कोऱ्या कागदाचा तुकडा लावला, टोपऱ्याच्या मधोमध घडी घातली आणि डाव्या कानाची रेघ खिडकीच्या काचेवर धरून उजव्या बाजूला गिरवली. टोपरं दोन्हीकडून सारखंच असतं, त्यामुळे हरवलेला अर्धा भाग हाताशी असलेल्या अर्ध्यातून मिळतो. जोडावर चिकटपट्टी लावली. कागद गबाळा दिसत होता, पण माप खरं होतं.

आता हे बसतं की नाही ते पाहायचं कुणावर? बाळ यायला अवकाश होता. त्या इंग्रजी पानावर नवजात बाळाच्या डोक्याचा घेर दिला होता. मी टेप घेऊन बाजारात गेले आणि सोललेले नारळ मोजायला लागले. नारळवाल्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाई, नारळ खायचाय का त्याला शर्ट शिवायचाय?"

"टोपी," मी म्हणाले.

"मग मोठा घ्या. थंडीत कान झाकतील."

घेरात बरोबर बसणारा एक नारळ मिळाला, जरा जडच होता. त्याच्याबरोबर पूजेसाठी दुसरा घेतला, तो लहान, कारण पूजेच्या नारळाला माप लागत नाही. घरी जुन्या परकराच्या तुकड्याचं टोपरं त्या कागदावरून बेतलं आणि शिवलं. जुन्या कापडाला हरकत नव्हती. नारळावर चढवलं. छान बसलं, कडेने करंगळी जाईल इतकी सैल जागा ठेवून. मुलगी पोट धरून हसली आणि नारळाची शेंडी टोपऱ्याच्या पुढून बाहेर काढून म्हणाली, "आई, केस बाबांवर गेलेत." तिचे बाबा, म्हणजे माझा नवरा, डोक्यावरून हात फिरवत बाहेर निघून गेला.

बाळ नाही आणि टोपरं आहे असं घरात ठेवू नये, म्हणून मी ते लगेच उसवलं. नमुन्याचा कागद फाइलला लावला आणि दोन्ही नारळ स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींखाली चिठ्ठ्या ठेवल्या: 'पूजा', 'डोकं'. यादीवर खूण केली. कापडही आणून ठेवलं होतं. ओळखीच्या लूमवाल्यांकडची मलमल, एवढी तलम की हातात घेतली तर बोटं दिसावीत.

आठव्या महिन्यात एके सकाळी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर लावला तर ब्राउझर बदललेला. कॉम्प्युटरवाला आदल्या दिवशी येऊन नवीन आवृत्ती टाकून गेला होता. वरच्या पट्टीवर 'फाइल' असायचं ते दिसेना. पडद्याच्या कडेला मी प्रिंट काढायची कृती लिहून चिकटवली होती, आणि तिची पहिलीच ओळ 'फाइलवर जा' अशी होती. जायचं कुठे?

मुनीमजींनी तर हातच टेकले. "ताई, पुराना अच्छा था. इसमें छापने का बटन ही नहीं."

शोधल्यावर बटण सापडलं, उजव्या बाजूला, प्रिंटरचं छोटंसं चित्र. शेजारच्या बाणावर टिचकी मारली की प्रिंट आधी कशी दिसेल ते मोठ्या खिडकीत दाखवायचं. कागद आडवा-उभा करायची बटणं तिथेच. समास माऊसने ओढून कमी-जास्त करता यायचे. मी वही घेऊन बसले आणि एकेक बटण दाबून काय होतं ते लिहीत गेले. जुनी चिठ्ठी काढली, नवी चिकटवली.

आणि मग गाड्यांचा तक्ता छापला. प्रिंटरमधून कागद आला तो पूर्ण. उजवीकडे पोहोचेचा रकाना होता, शेवटच्या रेघेसकट, आणि त्याच्यापुढे कोरी जागाही होती. मी तो कागद मुनीमजींना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, जणू काही नोट आहे.

"अब कुछ नहीं कटता," ते म्हणाले.

"नाही कटत."

"तो हाथ से लिखना बंद?"

"बंद."

त्या दिवशी आम्ही दोघांनी चहाबरोबर भजी मागवली. वाचायला साधं वाटेल, पण रोज सकाळी फूटपट्टी घेऊन रकाना आखणाऱ्या माणसालाच त्याचं मोल कळेल. नवी आवृत्ती मला फारच आवडली. माझं जुनं दुखणं तिने एका सकाळी काढून टाकलं होतं.

मग दुपारी मी टोपऱ्याचा नमुनाही पुन्हा छापला. दोन्ही कान आले. कागद स्वच्छ, रेघा नेटक्या, चिकटपट्टी नाही की खिडकीच्या काचेवरचं गिरवणं नाही. घरी आल्यावर फाइलमधला जुना घडीचा कागद काढला, फाडला आणि टोपलीत टाकला. नेटका कागद हाती असताना गबाळा ठेवणाऱ्यातली मी नाही.

नात झाली. बाळ-बाळंतीण दोघी खुशाल. घरात माणसांची ये-जा, अळिवाची खीर, शेकशेगडी, आणि मी यादी हातात घेऊन त्यातून वाट काढतेय, असे ते दिवस. पाचवीची पूजा झाली. पूजेची मांडणी मी नवऱ्यावर सोपवली होती; यादीत लिहिलंच होतं, 'नारळ (फळीवर)'. दुसऱ्या दिवशी फळीवर एक नारळ उरलेला पाहिला, पूजेच्या नारळावर खूण केली आणि मलमल धुवायला घेतली. कोऱ्या कापडाला खळ असते, आणि ते पहिल्या पाण्यात आटतं. ते आधी आटवून मगच बेतायचं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पायमशीनवर बसून मी एकेक टोपरं शिवलं. पहिल्या दोन टोपऱ्यांची वळणं वेडीवाकडी झाली. पुढची बरी उतरली. प्रत्येक टोपरं फळीवरच्या नारळावर चढवून पाहिलं. बसत होतं, करंगळीइतकी सैल जागा ठेवून. पाच झाली तेव्हा इस्त्री करून एकावर एक ठेवली आणि थोडा वेळ नुसती बघत बसले.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी विहीणबाई दिघाशीहून आल्या, हातात पिशव्या आणि डोक्यावर पदर. हातपाय धुऊन बाळाला मांडीवर घेतलं. वीज नव्हती. आमच्याकडे तेव्हा रोजचं भारनियमन असायचं. मागच्या गल्लीतले लूम थांबले की वीज गेली आणि खडखडाट सुरू झाला की आली, घड्याळ बघायला नको. त्या शांततेत त्या म्हणाल्या, "विहीणबाई, टोपरं दावा की. ऐकलंय, तुम्ही शिवलंय."

मी पाचही पुढे ठेवली. त्यांनी एक उलटं करून शिवण बघितली, बोटाने दाबली, आणि मान हलवली. "बरी हाय. खरंच बरी हाय. घालून बगू का?"

"उद्याच घालायचं असतं ना?"

"घालायचं उद्याच. बगायला काय होतंय? चार बायांच्या समोर फजिती नको."

त्यांनी टोपरं बाळाच्या डोक्यावर ठेवलं. ठेवलं म्हणते, कारण ते घातलं गेलंच नाही. वाटीवर झाकण ठेवावं तसं टाळूवर राहिलं. दोन्ही कान उघडे. बंद हनुवटीखाली नेले तर पोचेनात. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पाचही तशीच. नात शांतपणे माझ्याकडे बघत होती, डोक्यावर ते झाकण घेऊन.

विहीणबाई मोठ्याने हसल्या नाहीत. ओठ दाबून म्हणाल्या, "लिंबाच्या मापानं शिवलंय का काय?"

माझी मुलगी पुढे झाली. तिने बाळाच्या डोक्यावरून टोपरं हळूच काढलं, घडी केली आणि म्हणाली, "असू दे गं आई. बाजारातून एक आणू." तिने ते इतक्या प्रेमाने म्हटलं की मला तेच लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारसं होतं. शब्द मी दिला होता, आणि तो असा झाकणासारखा टाळूवर बसला होता.

मी म्हणाले, "थांब. आधी चूक शोधू."

पहिला संशय कापडावर. भिवंडीत काहीही आखूड पडलं की बोट आधी कापडाकडे जातं. "मलमल आटली असंल," विहीणबाई म्हणाल्या. मी यादी दाखवली: कापड धुतलं, वाळवलं, मग बेतलं. कापड सुटलं.

दुसरा संशय शिवणीवर. दुमड जास्त गेली का? विहीणबाईंनी स्वतः टेपने मोजली. बरोबर होती.

"मग डोकंच मोठं असेल," दारातून माझा नवरा म्हणाला.

विहीणबाईंनी मान वळवली. "आमच्यात डोकी मोठी न्हायत."

"आमच्यातही नाहीत," नवरा म्हणाला.

"मग कुनाकडनं आलंय?"

दोघांचं तसंच चाललं असतं. मी मध्येच उठले, फळीवरचा नारळ आणला आणि त्याच्यावर टोपरं चढवलं. छान बसलं. "हे बघा. डोक्याच्या नारळाला बसतंय."

नवरा नारळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा डोक्याचा नाही."

"म्हणजे?"

"डोक्याचा मी पाचवीला फोडला."

"पूजेचा वेगळा होता. चिठ्ठी होती खाली."

"चिठ्ठ्या दोन्हींखाली होत्या, वाचल्या मी," तो म्हणाला. "पण देवीपुढे लहान नारळ ठेवायचा आणि मोठा टोपीसाठी ठेवायचा, हे मला पटेना. नशीब लिहायला येणार होती ती."

विहीणबाई आता मोकळ्या हसल्या. "बराबर केलंत त्यांनी, विहीणबाई. सटवाईला काय टोपी घालायची होती?"

मलाही हसू आलं, पण अर्धंच. कारण हिशेब लागत नव्हता. उरलेल्या नारळाखालची चिठ्ठी मी वाचलीच नव्हती, आणि नारळ बदलला म्हणून चूक लक्षात आली नाही, हे ठीक. पण चूक झालीच कशी? आधीच्या कागदावरचं टोपरं मोठ्या नारळाला बसलं होतं. तोच नमुना, तेच पान, तीच मी. बदललं होतं एकच.

मी फाइलमधून नमुन्याचा कागद काढला. कपाळाकडची कड किती इंच, ते त्या बाईने नमुन्यावरच लिहून ठेवलं होतं. फूटपट्टी लावली. इंचभर कमी होती. चित्रावर लिहिलेलं एक, कागदावर उतरलेलं दुसरं. मशीनमधून छापून आलेल्या कागदाला फूटपट्टी लावावी असं माझ्या मनातच आलं नव्हतं. हाताने गिरवलेला असता तर दोनदा मोजला असता.

गल्लीत लूमचा खडखडाट सुरू झाला. मी चपला घातल्या.

"कुठं निघालात?" विहीणबाईंनी विचारलं.

"ऑफिसात. टोपरं आणायला."

मुनीमजी दिवसाचं काम आवरत होते. मी आले ती थेट कॉम्प्युटरवर बसले, पान उघडलं आणि छापण्याआधीची मोठी खिडकी लावली. मुनीमजी मागे येऊन उभे राहिले.

"ताई, पूरा तो आ रहा है. दोनों कान."

"पूर्ण येतंय, मुनीमजी, पण लहान होऊन येतंय."

त्यांना पटेना. मी पडद्यावर बोट ठेवलं. वर एका चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं, कागदात मावेल इतकं लहान करा, अशा अर्थाचं. ते आपोआप निवडलेलं असायचं. गाड्यांच्या तक्त्याचा शेवटचा रकाना कागदावर आला होता तो याच कारणाने. अक्षरं थोडी बारीक झाली होती, पण तक्त्यातल्या गाडीला त्याने काही फरक पडत नाही. टोपऱ्याला पडतो. माझ्या वहीत त्या दिवशी मी समास लिहिले होते, आडवा-उभा कागद लिहिला होता. ही चौकट लिहिली नव्हती, कारण तिच्यामुळे सगळं छान दिसत होतं आणि जे छान दिसतं त्याला हात का लावा?

चौकट उघडली. खाली टक्क्यांची रांग होती. शंभरावर नेलं. पडद्यावरचं टोपरं मोठं झालं आणि त्याचा उजवा कान कागदाबाहेर गेला.

मुनीमजी हळहळले. "अरे, ये तो फिर कट गया."

"कटू दे."

"कागज आडा कर के देखो."

केला. दोन्ही कान आले, पण खालचा भाग दुसऱ्या पानावर गेला आणि दोन पानं जोडताना रेघ हलते की काय अशी शंका यायला लागली. त्यापेक्षा मला माझी घडी माहीत होती. उभा कागद, शंभर टक्के, एक कान गायब. छापला. फूटपट्टी लावली. कपाळाकडची कड बरोबर लिहिल्याइतकी. कोरा तुकडा जोडून घडी घातली. खिडकीची काच आता बाहेरून अंधारत चालली होती, म्हणून मुनीमजींनी तावदान उघडून टेबलावरचा दिवा काचेमागे धरला आणि मी दुसरा कान गिरवला.

"घरवाले पूछेंगे, इतनी मेहनत क्यों?" ते म्हणाले. "बाजार में सौ टोपी मिलती है."

"माहितीये."

"मेरी अम्मा भी नहीं मानती थी," ते म्हणाले, आणि दिवा जरा वर धरला.

निघताना मी पडद्याजवळच्या चिठ्ठीत एक ओळ वाढवली: 'तक्ता असेल तर आपोआप. माप असेल तर शंभर.' दुसऱ्या वेळी उघडलं की ती चौकट पुन्हा आपल्या मूळ जागी गेलेली असते, हेही खाली लिहिलं. अजूनही कुणी मला काही खऱ्या मापात छापायला सांगितलं की मी आधी ती ओळ आठवते.

बारशाच्या सकाळी कापडाचा प्रश्न आला. पाच टोपऱ्यांनी मलमल संपत आणली होती. उरली होती ती एक लांबट पट्टी. नमुना तिच्यावर कसाही ठेवला तरी मावेना. विहीणबाई शेजारी बसून शेंगदाणे सोलत होत्या. त्यांचे हात शिवशिवत होते हे दिसत होतं.

"दोन तुकड्यांत बेता," शेवटी त्या म्हणाल्या. "मागं मधोमध जोड येऊ द्या. मागचं कोन बगतंय? पाळण्यात पाठीवर निजनार ती."

"तुम्हीच घ्या ना मशीनवर," मी म्हणाले. "पटकन होईल."

"न्हाय. मी हात लावला तर ते आजोळचं व्हनार न्हाय. मग माझी सून मला आयुष्यभर ऐकवंल." मुलगी आतून म्हणाली, "ऐकवेन." विहीणबाईंनी सुई उचलली आणि दोरा ओवून माझ्यापुढे धरला. "एवढं चालतंय."

नमुन्याला मधली घडी होतीच. मी घडीवरच कापला. अर्धा ह्या तुकड्यावर, अर्धा त्या तुकड्यावर, दोन्हीकडे शिवणीपुरती दुमड सोडून. गबाळा कागद असा कामाला आला. मशीन चालवताना मी एकदा वर बघितलं तर विहीणबाई माझ्या पायांकडे बघत होत्या, आणि त्यांचा स्वतःचा पाय जमिनीवर त्याच लयीत हलत होता.

दुपारी बायका जमल्या. पाळणा सजला. आमच्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्यालाच बाळ समजून झबलं-टोपरं चढवतात, आणि दोघी जणी त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. दर बारशाला त्या वरवंट्याचे हाल होतात. बाळाचं टोपरं त्याला ढगळ होतं, खाली घसरतं, मग कुणी त्याला दोऱ्याने आवळतं, कुणी हातानेच धरून ठेवतं.

विहीणबाईंनी वरवंटा घेतला, इकडे तिकडे पाहिलं, आणि माझ्या इस्त्री केलेल्या गठ्ठ्यातलं वरचं टोपरं उचलून त्याच्यावर चढवलं. गपकन बसलं. ना घसरलं, ना आवळावं लागलं. दोन्ही बंद खाली आले आणि त्यांची गाठही नीट बसली. त्यांनी तो वरवंटा उंच धरला.

"बगा ग बायांनो. वरवंट्याला मापाचं टोपरं पहिल्यांदाच मिळालं."

"कुनी शिवलं?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या विहीणबाईंनी. कम्प्युटरवरनं माप घेतलंय."

हशा पिकला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या टोमणाही मारत होत्या आणि मिरवतही होत्या. वरवंटा वरून गेला, खालून आला, बायकांनी त्याला गोविंद म्हटलं, गोपाळ म्हटलं, आणि तो आपल्या टोपऱ्यात ऐटीत पाळण्यात जाऊन निजला.

मग मुलगी नातीला घेऊन आली. मी घडीच्या कागदाचं टोपरं तिच्या डोक्यावर चढवलं. कपाळावर आलं, दोन्ही कान झाकले, हनुवटीखाली बंद पोचले. कडेने करंगळी घालून बघितली, गेली. मागची जोड विहीणबाईंनी म्हटल्याप्रमाणे कुणाला दिसली नाही. मुलीने एकदा टोपऱ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाळाला पाळण्यात ठेवलं. नातीने जांभई दिली. तिला काही फरक पडला नव्हता.

पाच लहान टोपरी वाया गेली नाहीत. एक आमच्याकडे राहिलं, एक विहीणबाई दिघाशीला घेऊन गेल्या, आणि बाकीची नात्यात गेली. अजून कुणाकडे बारसं ठरलं की फोन येतो, "ते वरवंट्याचं आहे ना तुमच्याकडे?" मी यादीत बघते, कुणाकडे गेलंय ते सांगते.

फाइलमध्ये नमुन्याचे दोन कागद आहेत. एकाला मधोमध घडी आहे, कापलेले दोन अर्धे पुन्हा चिकटपट्टीने जोडलेत आणि वर लिहिलंय 'नात'. दुसरा स्वच्छ आहे, दोन्ही कान असलेला. त्याच्यावर मी बारशाच्या संध्याकाळीच लिहून टाकलं, 'वरवंटा'.